गाडीचा खरा खर्च हप्ते संपल्यावर कळतो

गाडी घेताना सगळे ॲव्हरेज विचारतात, पण पुण्यात खिसा रिकामा करतो तो क्लच. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा क्लच दाबून गाडी पुढे सरकवत राहिलं, की क्लच प्लेट वेळेआधीच जळते. सिग्नलला सरळ न्यूट्रल करा आणि पाय क्लचवरून पूर्ण काढा. कात्रजचा घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवा, ब्रेक पॅड जास्त टिकतात.

टायर नुसते घासलेत का, एवढंच बघू नका. बाजूला चार आकडे कोरलेले असतात: 2321 म्हणजे टायर 2021 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. सोसायटीत उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं रबर न चालवताही कडक होतं, चिरा पडतात.

आणि कृपा करून बंपरच्या ओरखड्यासाठी विम्याचा क्लेम करू नका! सलग पाच वर्षं क्लेम नसेल, तर ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठीच्या विम्याच्या प्रीमियमवर 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे सूट मिळते. एका क्लेमने हा बोनस सहसा शून्यावर येतो. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले तरीही जातो. गाडी विकलीत तर हा बोनस नव्या गाडीला लावता येतो. विमा कंपनीकडून तसं पत्र आठवणीने घ्या.