फळांच्या कचऱ्यावर चालणारी गॅसची टाकी

फळांचा लगदा शेणापेक्षा कितीतरी लवकर कुजतो, आणि घरगुती बायोगॅस संयंत्रातील बहुतेक अडचणी याच गुणातून उद्भवतात. हवाबंद टाकीत साखरेचे आम्ल करणारे जीवाणू काही तासांत कामाला लागतात, परंतु त्या आम्लापासून मिथेन म्हणजे पेटणारा गॅस तयार करणारे जीवाणू मंद गतीने वाढतात आणि पीएच (आम्लता मोजण्याचे माप) 6.8 ते 7.4 च्या बाहेर गेला की त्यांचे काम मंदावते. म्हणून शेणाच्या टाकीसारखे भरभरून खाद्य येथे चालत नाही.

अंगणासाठी 1000 लिटरची प्लास्टिकची टाकी आणि तिच्यात उलटी बसणारी, गॅस साठवणारी 750 लिटरची टाकी एवढी जुळणी पुरते. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने लोकप्रिय केलेली, 2006 साली शाश्वत ऊर्जेसाठीचा ॲश्डेन पुरस्कार मिळालेली रचना याच धर्तीची आहे. प्रारंभी सुमारे 150 किलो ताजे शेण तितक्याच पाण्यात कालवून ओतावे, टाकी पाण्याने भरावी आणि दोन-तीन आठवडे थांबावे. चालू गोबर गॅसमधील रबडी (कुजलेला शेणकाला) मिळाल्यास हा काळ कमी होतो. जीवाणूंना 35 अंशांच्या आसपासचे तापमान मानवते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा टाकीवर शेडनेट ताणावे, आणि थंडीत ते आठवणीने काढून ऊन लागू द्यावे.

केळी, पपई, कलिंगड, चिकू आणि मऊ पडलेली द्राक्षे उत्तम. डाळिंबाचे दाणे व रस चालतो, परंतु सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असल्याने ती अगदी थोडी टाकावी. ज्यूस सेंटरवरून कचरा आणताना ही साल वेगळी मागून घेणेच सोयीचे. मोसंबी-संत्र्याच्या सालीतील तेल जीवाणूंना मारक ठरते. आंब्याच्या कोयी आणि बोरांच्या बिया टाकीत नुसत्या पडून राहतात. फळांत नत्र कमी असल्यामुळे रोज अर्धा किलो शेण किंवा मूठभर डाळीची चुणी मिसळावी.

पहिल्या आठवड्यात रोज 1 किलो, पुढे हळूहळू वाढवत 5 किलोपर्यंत बारीक चिरलेला किंवा वाटलेला कचरा द्यावा. त्यात दुप्पट पातळ द्रव मिसळायचा असतो, आणि आपल्याकडे काही दिवसांआड येणारे पाणी यासाठी खर्च करणे परवडत नाही. टाकीतून बाहेर पडलेल्या मळीचे, म्हणजे कुजलेल्या काल्याचे, वरचे पाणीच पुन्हा वापरावे. त्यातील क्षार आम्लता आवरण्यास मदतही करतात. 5 किलो कचऱ्यापासून साधारण 300 ते 400 लिटर गॅस मिळतो, म्हणजे लहान बर्नर तास-दीड तास चालतो. वरच्या टाकीचा व्यास 95 सेंमी असेल, तर ती 1 सेंमी उचलली जाणे म्हणजे सुमारे 7 लिटर गॅस. म्हणून तिच्या कडेवर ऑइल पेंटने सेंटीमीटरच्या खुणा कराव्यात.

एका उन्हाळ्यात फुकट मिळालेले वीसेक किलो कलिंगड मी एकाच दिवशी टाकीत रिचवले. दुसऱ्या दिवशी वरची टाकी झपाट्याने उचलली गेली, पण गॅस पेटेना, कारण तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड होता. तिसऱ्या दिवशी मळीला ताडीसारखा आंबूस वास सुटला आणि पीएचची पट्टी 5.5 च्या रंगावर गेली. अशा वेळी खाद्य पूर्णपणे बंद करावे, चुन्याची निवळी किंवा खाण्याचा सोडा थोडा थोडा घालत रोज पीएच तपासावा आणि दोन-तीन बादल्या ताजा शेणकाला द्यावा. मला सतरा दिवस लागले. उपासाने टाकी बिघडत नाही, अजीर्णाने बिघडते.

सुरुवातीच्या गॅसमध्ये हवा मिसळलेली असते, म्हणून वरच्या टाकीतला गॅस दोनदा तरी पूर्ण सोडून द्यावा आणि पेटवून पाहायचे ते नेहमी शेगडीवरच, टाकीच्या तोंडाशी कधीही नाही. नळीला उतार देऊन सर्वांत खालच्या जागी पाणी काढण्याची तोटी बसवावी, नाहीतर साठलेल्या पाण्याने ज्योत फडफडते. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. लोखंडाचा कीस भरलेल्या डब्यातून गॅस नेल्यास तो बराच कमी होतो. एलपीजीच्या शेगडीचे जेट (गॅस सोडणारे बारीक छिद्र) या गॅससाठी अपुरे पडते, तेव्हा ते कारागिराकडून मोठे करून घ्यावे आणि ज्योत निळी व स्थिर होईपर्यंत हवेची झडप कमी-जास्त करून पाहावी.