अमेरिकेचे पर्यावरण आणि आरोग्य कायदे वाचताना या चुका टाळा

क्लीन एअर ॲक्ट कोणत्या सालचा, या प्रश्नाला 1963, 1970 आणि 1990 अशी तिन्ही उत्तरे लिहिलेली सापडतात, आणि प्रत्येकाकडे आपापला संदर्भ असतो. अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, कायद्यांवर लिहिणारे आपले विद्यार्थी, पत्रकार, तिथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेले लोक, सगळे पहिल्यांदा इथेच अडखळतात. हे कायदे एका दिवसात झालेले नाहीत. ते थरांनी वाढले, आणि बऱ्याच थरांखाली कुठल्या तरी गावात दगावलेली माणसे आहेत. थर सुटे करून वाचले नाहीत तर कायदाही कळत नाही आणि ती माणसेही दिसत नाहीत. म्हणून या चुकांबद्दल जरा सविस्तर लिहितो आहे.

नावापुढचे साल

हवेच्या कायद्यापासून सुरुवात करू. 1955 च्या पहिल्या फेडरल कायद्याने फक्त संशोधनाला पैसे दिले. कारखान्यांवर कसलेही बंधन घातले नाही. ‘क्लीन एअर ॲक्ट’ हे नाव 1963 चे. 1965 मध्ये मोटारींच्या धुरावर मर्यादा घालण्याचा अधिकार आला. पण आज आपण ज्याला हा कायदा म्हणतो, म्हणजे देशभर लागू असलेली हवेची मानके, राज्यांनी करायचे आराखडे, ठरलेल्या मुदती आणि सामान्य नागरिकाला खटला भरण्याचा हक्क, ते सारे 31 डिसेंबर 1970 रोजी सही झालेल्या दुरुस्तीतून आले. आम्लवर्षा, ओझोनचा थर आणि 189 विषारी प्रदूषकांची यादी हा भाग 1990 चा. ही यादी थेट कायद्यातच का घालावी लागली? कारण आधीच्या वीस वर्षांत पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, अशा जेमतेम सात प्रदूषकांवर नियम केले होते. शेवटी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, नावे स्वतःच लिहून दिली.

पाण्याचेही तसेच. मूळ कायदा 1948 चा, तो जवळजवळ नव्याने लिहिला गेला 1972 मध्ये, आणि ‘क्लीन वॉटर ॲक्ट’ हे नाव रुळले 1977 च्या दुरुस्तीने. तेव्हा साल एकटे लिहू नका. ‘1970 च्या दुरुस्तीने आलेली मानके’, ‘1990 ची विषारी प्रदूषकांची यादी’ असे लिहिले की वाचणाराही चुकत नाही आणि लिहिणाराही.

कलम सापडतच नाही

ही सर्वांत जास्त वेळ खाणारी अडचण. बातमीत ‘क्लीन एअर ॲक्टचे कलम 111’ असे वाचायचे, मग यूएस कोड उघडून 111 शोधायचे, तर भलतेच काहीतरी निघते. कारण क्रमांक दोन आहेत. एक, मूळ कायद्यातला. दुसरा, सगळे कायदे विषयवार लावलेल्या यूएस कोडमधला. हवेचा कायदा तिथे शीर्षक 42 मध्ये आहे आणि कलम 111 तिथे 7411 होते, 109 चे 7409, 112 चे 7412. हा सोपा हिशेब बघून पुढेही तसेच चालेल असे मानू नका. मोटारींचे कलम 202 तिथे 7521 आहे. पाण्याचा कायदा तर शीर्षक 33 मध्ये, आणि पाणथळ जमिनींचे प्रसिद्ध कलम 404 तिथे 1344 म्हणून बसले आहे.

शीर्षक 42 सार्वजनिक आरोग्याचे आहे, शीर्षक 33 जलवाहतुकीचे. पाण्याचा कायदा जलवाहतुकीत का? कारण नद्यांवर फेडरल सरकारचा हात पडला तो जहाजांच्या मार्गाने. 1899 च्या कायद्याने नद्यांत कचरा टाकायला बंदी केली, तिचा हेतू बोटींची वाट मोकळी ठेवणे हा होता. 2023 मध्ये सॅकेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाणथळ जागांवरचे फेडरल संरक्षण आकुंचित केले, तेव्हाही वाद ‘अमेरिकेचे जलप्रवाह’ कोणते याच जुन्या प्रश्नावर होता.

आणि तिसरी जागा विसरू नका. प्रत्यक्ष आकडे, म्हणजे किती मायक्रोग्रॅम आणि किती भाग, बहुतेक वेळा कायद्यात नसतातच. ते नियमांत असतात, आणि पर्यावरणाचे नियम म्हणजे कोड ऑफ फेडरल रेग्युलेशन्स या नियमसंग्रहाचे शीर्षक 40. हवेची राष्ट्रीय मानके त्याच्या भाग 50 मध्ये, पिण्याच्या पाण्याची भाग 141 मध्ये.

एका प्रसंगावर सगळे श्रेय

ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडची कायाहोगा नदी 22 जून 1969 रोजी पेटली आणि त्यातून पर्यावरण कायदे जन्मले, ही गोष्ट प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. खरी घटना बरीच वेगळी आहे. ती आग अर्ध्या तासाच्या आत विझली, नुकसान सुमारे 50,000 डॉलरचे. नदी त्याआधीही अनेकदा पेटली होती, आणि 1952 च्या आगीत दहा लाख डॉलरहून अधिक नुकसान झाले होते. देशभर गाजलेला फोटोही त्या 1952 च्या आगीचाच होता. क्लीव्हलंडच्या मतदारांनी तर आगीच्या आदल्याच वर्षी नदी स्वच्छ करण्यासाठी 10 कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली होती. ज्या शहराने स्वतःच्या खिशात हात घातला त्यालाच इतिहासात निष्काळजी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

उलट ज्या घटनेचे नाव कमी घेतले जाते ती डोनोरा. पेनसिल्व्हेनियातले हे गिरणीगाव. ऑक्टोबर 1948 च्या शेवटी दरीत थंड हवा अडकली, वर गरम हवेचे झाकण बसले, आणि जस्ताच्या कारखान्याचा व पोलाद गिरणीचा धूर चार-पाच दिवस तिथेच कोंडून राहिला. 20 माणसे गेली, हजारो आजारी पडली. तरीही संशोधनापुरता पहिला कायदा यायला सात वर्षे लागली, आणि दात असलेला कायदा यायला बावीस. घटना आणि कायदा यांच्यामधल्या या वर्षांत काय चालले होते, याचा शोध घेतला की खरा इतिहास हाती लागतो: स्थानिक डॉक्टर, कामगार संघटना, आणि मेन राज्याचे सिनेटर एडमंड मस्की यांच्यासारखे लोक, ज्यांनी समितीत वर्षानुवर्षे साक्षी नोंदवल्या. 1970 चे विधेयक सिनेटमध्ये 73 विरुद्ध 0 मतांनी गेले, ते या तयारीमुळे.

ईपीए आणि निक्सन

‘काँग्रेसने कायदा करून ईपीए स्थापन केली’ हे वाक्य चूक आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 1970 च्या पुनर्रचना योजना क्रमांक 3 द्वारे वेगवेगळ्या खात्यांतले विभाग एकत्र आणले आणि 2 डिसेंबर 1970 रोजी संस्था सुरू झाली. त्यामुळे ईपीएचे सगळे अधिकार एका जागी लिहिलेले सापडत नाहीत; ते हवा, पाणी, कीटकनाशके, कचरा अशा वेगवेगळ्या कायद्यांतून येतात. एका कायद्याखाली जे करता येते ते दुसऱ्याखाली करता येईलच असे नाही. डीडीटी या कीटकनाशकावरची 1972 ची बंदीही कीटकनाशक कायद्याखाली ईपीएचे प्रशासक विल्यम रकेल्सहाउस यांनी काढलेला आदेश होता. रेचल कार्सन यांच्या कीटकनाशकांवरच्या 1962 च्या पुस्तकाने जनमत घडवले हे खरेच, पण ‘पुस्तक आले, बंदी झाली’ असे लिहिले तर मधली दहा वर्षे पुसली जातात.

निक्सन यांना सरसकट पर्यावरणाचे कैवारी ठरवणेही टाळा. 1972 च्या पाणी कायद्यावर त्यांनी खर्चाचे कारण देऊन नकाराधिकार वापरला होता. काँग्रेसने तो लगेच दोन तृतीयांशांहून मोठ्या बहुमताने मोडून काढला.

‘सुरक्षित’ या शब्दाला प्रत्येक कायद्याची वेगळी कसोटी

सगळे कायदे आरोग्यासाठी, म्हणजे सगळ्यांची कसोटी एकच, असे गृहीत धरणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक. हवेची राष्ट्रीय मानके ठरवताना ईपीएने फक्त आरोग्य बघायचे, पुरेशी जादा सुरक्षितता ठेवायची, आणि खर्च विचारात घ्यायचाच नाही. 2001 मध्ये व्हिटमन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे एकमताने सांगितले. खर्चाचा विचार नंतर येतो, ती मानके गाठायची कशी हे राज्ये ठरवतात तेव्हा.

रसायनांच्या 1976 च्या कायद्यात मात्र उलटे होते. तेव्हा बाजारात असलेली सुमारे 60,000 रसायने कसलीही चाचणी न करता चालू राहिली. एखाद्यावर बंदी घालायची तर उद्योगावर कमीत कमी ओझे पडेल असा पर्याय आपण निवडला हे ईपीएला सिद्ध करावे लागे. ॲस्बेस्टॉसमुळे कर्करोग होतो यावर वाद उरला नव्हता. दहा वर्षे काम करून ईपीएने 1989 मध्ये बंदी आणली, आणि 1991 मध्ये पाचव्या सर्किटच्या फेडरल अपील न्यायालयाने तिचा बहुतेक भाग रद्द केला. पुरावे होते, पण कायद्याची कसोटी तशी होती. ती बदलायला 2016 उजाडले, आणि क्रायसोटाइल या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसवर बंदी आली 2024 मध्ये. मधल्या वर्षांत ते श्वासातून आत घेतलेल्या कामगारांचा विचार केला की एका वाक्याच्या कायदेशीर कसोटीचे वजन कळते.

पिण्याच्या पाण्यात आणखी एक सापळा आहे. 1974 च्या कायद्याखाली प्रत्येक दूषितासाठी दोन आकडे असू शकतात: आरोग्याच्या दृष्टीने ध्येय, आणि प्रत्यक्षात बंधनकारक मर्यादा. शिशासाठी ध्येय शून्य आहे. बंधनकारक मर्यादेऐवजी 1991 च्या नियमाने 15 पीपीबी (पाण्याच्या एक अब्ज भागांत 15 भाग) ही कृती-पातळी ठेवली. नमुन्यांपैकी दहा टक्क्यांहून अधिक तिच्या वर गेले तर पाणीपुरवठादाराने हालचाल करायची. 2024 च्या नियमाने ती 10 वर आणायचे ठरवले. म्हणून ‘आमच्या नळाला 12 आले, म्हणजे सुरक्षित’ असे अमेरिकेतल्या कुणी मराठी पालकाने समजू नये. तो आकडा पुरवठादाराच्या कामाचा आहे, बाळाच्या मेंदूच्या सुरक्षेचा नाही.

औषधांचा कायदा बाजूला ठेवणे

पर्यावरणावर लिहिताना अन्न व औषध कायदा वेगळ्या कप्प्यात टाकला जातो, पण फेडरल विचार तिथेच घडला. 1937 मध्ये डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रावकात केलेल्या ‘एलिक्सिर सल्फनिलामाइड’ने शंभरहून अधिक जीव घेतले, त्यांत कितीतरी लहान मुले. 1906 च्या कायद्याखाली विक्रीपूर्वी सुरक्षितता तपासण्याची सक्तीच नव्हती. अल्कोहोल नसताना ‘एलिक्सिर’ म्हटले, या चुकीच्या लेबलावरच सरकारला माल जप्त करता आला. 1938 च्या कायद्याने आधी सुरक्षितता दाखवा, मग विका, हा क्रम आणला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 मध्ये 14 रुग्ण गेले ते याच रसायनाने, आणि लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. कीटकनाशके विक्रीपूर्वी नोंदवावी लागतात, यामागचा तर्क 1938 च्या त्या क्रमाचाच आहे.

सगळे वॉशिंग्टनहून येते, आणि आपल्याकडे उतरते

दोन्ही अर्धसत्ये आहेत. मोटारींच्या धुराबाबत 1967 पासून कॅलिफोर्नियाला स्वतःची कडक मानके मागण्याची सवलत कायद्यात आहे आणि इतर राज्ये ती उचलू शकतात. पिण्याच्या पाण्याची अंमलबजावणी जवळजवळ सगळ्या राज्यांनी स्वतःकडे घेतली आहे. वायोमिंगने घेतलेली नाही. म्हणून तक्रार कुठे करायची हे राज्यागणिक बदलते. आधी राज्याचे खाते बघा.

आपल्याकडचे सांगायचे तर, महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा 1969 मध्ये केला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ सप्टेंबर 1970 मध्ये, ईपीएच्या आधी, स्थापन झाले. शिवाय प्रवाह उलटाही वाहिला. डिसेंबर 1984 मध्ये भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला; पुढच्याच ऑगस्टमध्ये त्याच कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट गावच्या कारखान्यात गळती होऊन शंभरहून अधिक लोकांना उपचार घ्यावे लागले. त्यातून 1986 चा आणीबाणी नियोजन आणि नागरिकांच्या माहिती-हक्काचा कायदा आला. आज कुठला अमेरिकी कारखाना किती विषारी रसायने सोडतो ही यादी कुणालाही पाहता येते, ती भोपाळच्या लोकांनी मोजलेल्या किमतीमुळे. भारतीयांनी या कायद्यावर लिहिताना हे वगळणे मला पटत नाही.

‘कायदा रद्द झाला’ अशी बातमी

सरकार बदलले की असे मथळे येतात. पहिल्यांदा बघायचे ते हे: रद्द काय झाले? कायदा रद्द करायला काँग्रेसची दोन्ही सभागृहे लागतात. बहुतेक वेळा बातमी नियमाची असते, आणि पुष्कळदा नुसत्या मसुद्याची. 1946 च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याप्रमाणे मसुदा फेडरल रजिस्टर या राजपत्रात छापावा लागतो, आपल्याकडे मागवतात तशा हरकती व सूचना मागवाव्या लागतात, आणि महत्त्वाच्या हरकतींना उत्तर देऊनच अंतिम नियम काढावा लागतो. हवेच्या कायद्याखालच्या देशव्यापी अंतिम नियमाला 60 दिवसांत वॉशिंग्टनच्या डी. सी. सर्किट न्यायालयात आव्हान देता येते. 2024 मध्ये लोपर ब्राइट निकालाने 1984 चा शेव्हरॉन दंडक मोडला, तेव्हापासून संदिग्ध कायद्याचा ईपीएने लावलेला अर्थ न्यायालये मुकाट मान्य करत नाहीत. नियम कडक करणाऱ्या सरकारला याची झळ बसते, तशी सैल करणाऱ्यालाही.

त्यामुळे बातमीत आधी ‘मसुदा’ की ‘अंतिम’ ते शोधा, मग तारीख, मग कुठल्या कायद्याचे कुठले कलम. मसुदा असेल तर हरकतींची मुदत संपली का ते बघा. हरकत नोंदवायला अमेरिकेचे नागरिकत्व लागत नाही. ज्याचे मूल तिथल्या शाळेत तिथले पाणी पिते आहे अशा एच-1बी व्हिसावरच्या आईबापांनाही ती रेग्युलेशन्स डॉट गव्ह या संकेतस्थळावर फुकट नोंदवता येते.