कोकणात राहून ट्रेडमार्कची वकिली करू इच्छिणाऱ्यांसाठी

रत्नागिरीत माझ्याकडे येणारे ट्रेडमार्कचे अशील बहुतांशी आंबा, काजू किंवा कोकमाचे प्रक्रिया उद्योजक असतात, आणि अनेकांनी लेबल आधीच छापून घेतलेले असते. त्यामुळे नवोदित वकिलांनी अर्ज भरण्याच्या आधी नाव पारखायला शिकावे, असे माझे ठाम मत आहे. बाटलीवर ठळक अक्षरांत ‘रत्नागिरी हापूस पल्प’ एवढेच असेल, तर त्यातला एकही शब्द त्या उद्योजकाचा स्वतःचा नसतो. मालाचा प्रकार किंवा उगमस्थान सांगणारी नुसती नावे १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली सहसा नाकारली जातात. शिवाय कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून तो उत्पादकांचा सामाईक हक्क आहे.

नाव ठरल्यावर वर्ग, म्हणजे नोंदणीसाठी केलेली मालाची क्रमांकित विभागणी, पाहावा. ताजा आंबा ३१ मध्ये, पल्प २९ मध्ये आणि कोकम सरबत ३२ मध्ये येते, आणि शुल्क प्रत्येक वर्गासाठी वेगळे लागते. अर्ज तपासून ट्रेडमार्क कार्यालय जो परीक्षण अहवाल पाठवते, त्याला उत्तर देण्यास ३० दिवस असतात. चिन्ह त्या कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर ४ महिन्यांत कोणीही विरोध नोंदवू शकतो.

नोंदणीचा सर्वांत मोठा लाभ अशिलाला कलम १३४ दाखवून समजवावा. नोंदणीकृत चिन्हाची नक्कल दिल्लीत झाली, तरी ज्याचा व्यवसाय रत्नागिरीत आहे तो येथील जिल्हा न्यायालयात दावा दाखल करू शकतो. नोंदणी नसेल तर ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे दुसऱ्याने आपला माल आमचा म्हणून खपवल्याचा, दावा करता येतो, पण ही सवलत मिळत नाही आणि नावलौकिक पुराव्याने सिद्ध करावा लागतो. म्हणूनच जुनी बिले आणि जाहिराती जपून ठेवण्याचा आग्रह मी प्रत्येकाकडे धरतो.

माल आखातात जाणार असेल, तर भारतातली नोंदणी तेथे उपयोगी पडत नाही, कारण ट्रेडमार्कचा हक्क त्या त्या देशापुरता असतो. औद्योगिक संपदेविषयीच्या पॅरिस करारानुसार भारतातील पहिल्या अर्जापासून ६ महिन्यांत परदेशात अर्ज केल्यास पहिल्या अर्जाचीच तारीख धरली जाते. भारत २०१३ पासून माद्रिद या ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय नोंदणी व्यवस्थेत आहे आणि संयुक्त अरब अमिरातही २०२१ मध्ये तिच्यात सामील झाली, त्यामुळे एकाच अर्जातून तेथे संरक्षण मागता येते, मात्र निर्णय तेथील कार्यालयच घेते. पहिली ५ वर्षे हे संरक्षण भारतातल्या मूळ चिन्हावर अवलंबून असते. येथे ते रद्द झाले तर तेथेही जाते. त्यामुळे मूळ अर्जावर विरोध येण्याची शक्यता दिसत असेल, तर मी निर्यातदाराला माद्रिदऐवजी त्या देशात थेट अर्ज करण्यास सुचवतो, मग खर्च थोडा वाढला तरी चालेल.