घरचे एस्प्रेसो यंत्र स्वतः दुरुस्त करताना या चुका टाळा

कॉफी उतरेनाशी झाली की अनेकांचा हात थेट स्क्रूड्रायव्हरकडे जातो, आणि पुष्कळशी चांगली यंत्रे त्यातच बिघडतात. झाकण उघडण्याआधी पोर्टाफिल्टर (कॉफी भरायचा दांड्याचा कप) काढून पंप चालू करावा आणि ग्रुपमधून, म्हणजे तो कप जिथे बसतो तिथून, पाणी कसे पडते ते पाहावे. पाणी मोकळे पडत असेल, तर बहुधा कॉफी फार बारीक दळली गेली आहे किंवा बास्केटची (पोर्टाफिल्टरमधील जाळीदार वाटीची) भोके बुजली आहेत. यंत्र उघडण्याचे कारणच नाही. पाणी येत नसेल आणि पंप कर्कश वाजत असेल, तर यंत्र थंड असताना वाफेचा नळ उघडून पंप काही सेकंद चालवावा. आत अडकलेली हवा त्याने बहुतेक वेळा निघून जाते. कोरडा पंप मात्र फार वेळ चालवू नये, कारण त्याला थंड ठेवणारे पाणीच त्या वेळी आत नसते.

नागपुरात बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या घरांत उन्हाळाभर कूलरच्या टाकीत जो पांढरा थर साचतो, तोच बॉयलरमध्येही चढतो. तो काढण्यासाठी व्हिनेगर वापरण्याचा सल्ला सर्रास मिळतो. माझ्या मते तो टाळावा, कारण त्याचा वास यंत्रात रेंगाळतो. पितळी किंवा स्टीलच्या बॉयलरसाठी लिटरभर पाण्यात सुमारे २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पुरते. बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल, तर आम्ल धातूलाही खाते. म्हणून उत्पादकाने सुचवलेलेच द्रावण घ्यावे आणि ते रात्रभर आत ठेवण्याचा मोह आवरावा. कित्येक वर्षांचा थर असल्यास त्याचे सुटलेले तुकडे सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये (पाण्याची वाट विजेवर उघडबंद करणाऱ्या झडपेत) अडकतात, आणि क्षार काढल्यावर यंत्र पूर्वीपेक्षा वाईट चालू लागते. अशा वेळी व्हॉल्व्ह खोलून साफ करावा लागतो. क्षाराच्या भीतीने निव्वळ आरओचे पाणी वापरणेही नेहमी बरोबर ठरत नाही. आपोआप भरणाऱ्या काही बॉयलरमधील पातळीदर्शक पाण्याच्या विद्युतवाहकतेवर चालतो. पाण्यात क्षार जवळजवळ नसतील, तर त्याला पाणी जाणवत नाही आणि पंप थांबत नाही.

पोर्टाफिल्टरच्या कडेने पाणी गळत असेल, तर दांडा अधिक जोराने आवळू नये. उष्णतेने कडक झालेले गॅस्केट बदलावे. नागपुरातल्या बर्डीच्या बाजारातून मिळतीजुळती रबरी रिंग आणण्यापेक्षा यंत्राच्या मॉडेलचेच गॅस्केट मागवावे, आणि त्याला व्हॅसलीन लावू नये. पेट्रोलियममुळे काही प्रकारचे रबर फुगते.

विजेच्या भागात चूक परवडत नाही. प्लग काढून, यंत्र पूर्ण थंड झाल्यावरच आत हात घालावा. उडालेल्या थर्मल फ्यूजच्या (यंत्र फार तापल्यास वीज तोडणाऱ्या भागाच्या) जागी तार जोडणे ही दुरुस्ती नव्हे. फ्यूज का उडाला हे शोधताना आधी थर्मोस्टॅट तपासावा. नवा फ्यूज सोल्डर केल्यास त्या उष्णतेनेच उडू शकतो, त्यामुळे तो क्रिंप करून, म्हणजे धातूच्या जोडनळीत दाबून, बसवावा. २३० व्होल्टवरील १२०० वॉटचे एलिमेंट (पाणी तापवणारा भाग) मल्टिमीटरवर सुमारे ४४ ओहम दाखवते. त्याचे टोक आणि धातूचे आवरण यांत मात्र जोड दिसता कामा नये. यंत्र लावताच घरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर कित्येकजण अर्थिंगची तार सुटी करून प्रश्न सुटला असे मानतात. त्याहून घातक उपाय दुसरा नाही.

जोडणी झाल्यावर सांध्यांखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवून, आवरण लावूनच यंत्र तापवावे. कागद ओला झाला, तर प्लग काढावा, वाफ सोडून द्यावी आणि बॉयलर थंड झाल्यावरच तो सांधा आवळावा.