झोप पूर्ण होते, तरी अंगात त्राण नाही? या चुका टाळा

रात्री साडेदहाला आडवं व्हायचं, सकाळी साडेसहाला उठायचं. घड्याळाच्या हिशेबाने आठ तास भरले. तरी उठताना पाय जड, दुपारी डोळ्यांवर झापड, आणि संध्याकाळी कुणाशी दोन शब्द बोलायचंही जिवावर येतं. माझी अशी जवळजवळ दोन वर्षं गेली. या त्रासात वाईट गोष्ट ही की लोक आळशी म्हणतात आणि हळूहळू आपल्यालाही ते पटायला लागतं. मग कारण शोधायचं राहूनच जातं. म्हणून मी केलेल्या आणि जवळच्या माणसांना करताना पाहिलेल्या चुका इथे लिहिते आहे.

झोप येणं आणि थकवा येणं यांत गल्लत

ही चूक सर्वांत आधी दुरुस्त करा, कारण पुढची दिशा हिच्यावरच ठरते. दुपारी शांत बसलात की नकळत डोळा लागतो का? की अंग गळून गेलेलं असतं, पण आडवं झालं तरी झोप येत नाही? पहिल्या प्रकारात झोपेचा दर्जा बिघडलेला असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्यात बहुधा रक्त, थायरॉइड, मन किंवा नुकतंच होऊन गेलेलं आजारपण बघावं लागतं. दोन्ही एकत्रही असू शकतात, पण डॉक्टरांना नुसतं 'थकवा येतो' सांगण्यापेक्षा यातलं नेमकं काय होतं ते सांगा.

झोपाळूपणा मोजायला एपवर्थ नावाची सोपी प्रश्नावली आहे. ऑस्ट्रेलियातल्या मरे जॉन्स या डॉक्टरांनी ती १९९१ मध्ये मांडली. वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत बसून प्रवास करताना, अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला ० ते ३ गुण द्यायचे. २४ पैकी १० च्या वर गेलात, तर झोपेचीच तपासणी आधी करायला हवी.

अंथरुणातले तास म्हणजे झोप, असं धरून चालणं

माझा भाऊ 'मला तर पडल्या पडल्या झोप लागते' असं कौतुकाने सांगायचा. एकदा प्रवासात आम्ही सगळे एकाच खोलीत होतो. रात्री मला जाग आली ती त्याच्या घोरण्याने नाही, ते अचानक थांबल्याने. खोली एकदम शांत. मी मनात आकडे मोजायला लागले. अठरा, एकोणीस, वीस... आणि मग बुडता माणूस वर यावा तसा त्याने मोठ्याने श्वास ओढला, कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. सकाळी त्याला विचारलं तर म्हणाला, 'छान झोप लागली, पण डोकं जड आहे.'

याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचा मार्ग मिटतो, श्वास दहा किंवा जास्त सेकंद अडतो, मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास सुरू करतो. तासाला असे पाच प्रसंग झाले की दखल घेण्याजोगं, तीस किंवा जास्त म्हणजे तीव्र. माणसाला यातलं काहीही आठवत नाही, म्हणून तो आठ तास झोपलो असंच सांगतो. सकाळी तोंड कोरडं पडणं, डोकं दुखणं, रात्री लघवीला वारंवार उठावं लागणं याही खुणा आहेत. हा फक्त जाड पुरुषांचा आजार आहे, ही समजूत सोडा. पाळी थांबल्यानंतर बायकांमध्येही तो वाढतो, आणि त्यांची तक्रार बरेचदा घोरण्याची नसून नुसत्या थकव्याची असते. रात्रभराच्या तपासणीत निदान होतं. भावाला झोपताना हवेच्या दाबाचं यंत्र लावायला सांगितलं. पहिले काही दिवस मास्कमुळे कटकट झाली, पण दुपारच्या डुलक्या थांबल्या.

तपासणीआधीच गोळ्या सुरू करणं

ही माझी स्वतःची चूक. कुणीतरी सांगितलं म्हणून मी बी-१२ आणि मल्टिव्हिटॅमिन सुरू केलं. चार महिने घेऊन फरक पडेना, तेव्हा रक्त तपासलं. बी-१२ भरपूर दिसलं. पण ते आधीपासून कमी होतं की नव्हतं, हे आता कळायला मार्गच उरला नव्हता. हिमोग्लोबिन १२.३, म्हणजे काठावर पण 'नॉर्मल'. मला सांगण्यात आलं, काही नाही, ताण कमी करा. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी फेरिटिन करायला लावलं. ते ९ निघालं.

फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा. हिमोग्लोबिन घसरायच्या आधीच हा साठा रिकामा होतो, आणि तेवढ्यानेही थकवा येऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांसाठी १५ च्या खाली कमतरता मानते, पण कित्येक डॉक्टर ३० च्या खाली असतानाच लक्ष घालतात. अंगात ताप किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून आजारी असताना केलेल्या तपासणीवर विसंबू नका.

लोहाची गोळी चहा-कॉफीबरोबर घेतली तर लोह अंगी फार कमी लागतं, मध्ये एक-दोन तास जाऊ द्या. हिमोग्लोबिन सुधारलं की लगेच गोळ्या बंद करू नका, साठा भरायला साधारण आणखी तीन महिने लागतात. आणि लोह जातंय कुठे, हे विचाराच. माझ्या बाबतीत ते पाळीतल्या जास्त रक्तस्रावामुळे होतं. पुरुषांमध्ये किंवा पाळी थांबलेल्या बाईमध्ये लोह कमी निघालं, तर पोटात कुठे रक्तस्राव होतोय का हे पाहायलाच हवं.

थायरॉइडची टीएसएच, साखरेची एचबीए१सी, मूत्रपिंड आणि यकृत यांच्या तपासण्याही डॉक्टर साधारणपणे याच वेळी करून घेतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा, त्यांच्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. मधुमेहावरची मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर बी-१२ कमी होऊ शकतं, तेही सांगा. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं, मनाच्या आजारावरची काही औषधं यांनीही अंग जड होतं. मात्र कुठलंही औषध मनाने बंद करू नका.

चहा-कॉफीवर दिवस ढकलणं, सुट्टीला भरपाई करणं

कॅफिनमुळे थकवा जात नाही, मेंदूला तो कळवणारा निरोप तेवढा अडतो. आणि त्यातलं निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. चारला घेतलेल्या कपाचा अर्धा भाग नऊला अंगात असतो. झोप लागते, पण गाढ लागत नाही. दुपारनंतर बंद करून दोन आठवडे बघा. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखेल. सुट्टीला चार तास उशिरा उठणं म्हणजे शरीराचं घड्याळ दुसऱ्या देशात नेऊन परत आणणं. उठायची वेळ रोज एकच ठेवा आणि उठल्यावर थोडा वेळ उजेडात जा.

मनाचा विषय टाळणं

उदास माणूस रडतोच असं नाही. आवडीच्या गोष्टींत रस उरत नाही, पहाटे चारला जाग येते, अंग उचलत नाही. डॉक्टरांनी मूड कसा असतो असं विचारलं, तर ते तुमची तक्रार उडवून लावत आहेत असं समजू नका. हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर तो आजार आहे, आणि त्याला उपचार आहेत.

जबरदस्तीने व्यायाम

बहुतेकांना रोजचं साधं चालणं खरोखर मदत करतं. पण तापातून किंवा विषाणूच्या आजारातून उठल्यावर, थोड्याशा कामाने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुण धरावं लागत असेल, तर 'जोर लावा, होईल' हा सल्ला घातक ठरू शकतो. हे महिनोन्‌महिने टिकलं तर दीर्घकालीन थकव्याचा वेगळा आजार असू शकतो. उपचार कसे करावेत याच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२१ मध्ये या रुग्णांसाठी ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस मागे घेतली. अशा वेळी ताकद संपायच्या आत थांबायला शिकावं लागतं.

वजन आपोआप उतरणं, रात्री घामाने कपडे भिजणं, न जाणारा ताप, काळी शौच, मानेत किंवा काखेत गाठ, यांतलं काही असेल तर लगेच दाखवा. छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर थेट तातडीच्या विभागात जा.

बाकीच्यांनी दोन आठवडे एका वहीत झोपायची-उठायची वेळ, चहा-कॉफीचे कप, चालू असलेली सगळी औषधं आणि थकवा दिवसाच्या कुठल्या वेळी वाढतो, एवढं लिहा. ती वही डॉक्टरांकडे न्या. जमलं तर शेजारी झोपणाऱ्या माणसालाही सोबत न्या. रात्री श्वास अडतो का, हे तोच सांगू शकेल.