सोलर मेश नोड लावताय? या चुका टाळा

जुलै उजाडला की सोलर नोड, म्हणजे सौर पॅनेलवर चालणारी आणि निरोप पुढे पाठवणारी छोटी रेडिओ पेटी, लावणाऱ्यांचे फोन सुरू होतात. "नोड दिसेनासा झालाय, एकदा बघता का?" मी उलट एवढंच विचारतो, चाचणी कधी घेतली होती? उत्तर ठरलेलं: मे महिन्यात, गच्चीवर. अहो, पुण्यात मे महिन्यात गच्चीवर काय चालत नाही?

मेश्टॅस्टिक या सॉफ्टवेअरमुळे लोरा, म्हणजे कमी विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओचं जाळं (मेश) उभारणं सोपं झालं, हे चांगलंच आहे. सिम नको, टॉवर नको, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना वापरता येतो. पानशेत-वेल्ह्याकडे डोंगराआड मोबाइलची रेंज गेली तरी साधा मजकूर एका नोडवरून दुसऱ्यावर उड्या मारत पोचतो. पण मधला रिपीटर, म्हणजे निरोप पुढे ढकलणारा नोड, बारा महिने एकटा उन्हापावसात उभा असतो. त्याचं गणित जुलैचं मांडायचं, मेचं नाही. नव्या मंडळींना मांडायचंच नसतं, व्हिडिओ बघून रविवारी जोडायचं आणि संध्याकाळी ग्रुपवर फोटो टाकायचा असतो.

खादाड बोर्ड आणि मोठ्या पॅनेलचा हट्ट

एका ट्रेकर मुलानं पानशेतच्या वरच्या अंगाला, ओळखीच्यांच्या फार्महाउसवर पाण्याच्या टाकीशेजारी नोड लावला होता. जागा नामी, धरणाच्या पाण्यावरून लांबवर मोकळी नजर. आत ईएसपी३२ चिपचा बोर्ड, एक १८६५० (बोटाएवढा लिथियम-आयन) सेल, बाहेर ५ वॅटचं पॅनेल. मेमध्ये ठणठणीत चालला. जुलैत झड लागली आणि तिसऱ्या दिवशी गप्प.

"काका, पॅनेलच कमी पडतंय. दहा वॅटचं लावतो."

मी म्हटलं, आधी मीटर लाव. मीटर कोण लावतं! दहा वॅटचं पॅनेल गेलं, नोड उघडीप असेपर्यंत जागा राहिला, पुन्हा झड आली, पुन्हा झोपला. मग एकदाचा मीटर लागला. ब्लूटूथ चालू, जीपीएस चालू, स्क्रीन चालू, आणि बोर्ड १०० मिलिअँपिअरच्या घरात ओढत होता. म्हणजे दिवसाला २४०० मिलिअँपिअर-तास, ऊर्जेत मांडलं तर जवळपास ९ वॅट-तास. ३००० चा सेल सव्वा दिवसात रिकामा. आता दाट ढगांत पॅनेल किती देतं? मी एरवीच्या दहावा हिस्सा धरतो. दहा वॅटच्या पॅनेलला उन्हाळ्यात पाच तास चांगलं ऊन मिळालं तर कागदावर ५० वॅट-तास, म्हणजे झडीत ५, त्यातही चार्जर आपला वाटा घेणार. खर्च ९, आवक ५. हे पॅनेल बदलून सुटणारं नाही.

बोर्ड बदला. एनआरएफ५२८४० या कमी वीज खाणाऱ्या चिपवरचे बोर्ड, रॅक कंपनीचे वगैरे, जीपीएस आणि स्क्रीन काढून टाकली की सरासरी १०-१२ मिलिअँपिअरमध्ये भागवतात. दिवसाला वॅट-तासाच्या आसपास. मग ५ वॅटचं पॅनेलही झडीत कसंबसं पुरतं आणि दोन सेल लावले तर अंधाराचे दोन आठवडे निघतात. नोड हलणार नाही, तर जीपीएस हवा कशाला? जागा एकदा हातानं भरा.

गोष्ट इथे संपली नाही. बोर्ड बदलला, पण सेल तोच ठेवला, दोनदा तळ गाठलेला. श्रावणात तो पुन्हा संपला. नंतर लख्ख ऊन पडलं, सेलवर ३.९ व्होल्ट दिसत होते आणि नोड मेलेलाच. सेल काढून परत घातल्याबरोबर जिवंत! कारण असं की, रिकाम्या सेलवर सकाळचं मंद ऊन आलं की व्होल्टेज रांगत वर चढतं. बोर्ड अर्धवट जागा होतो, पाठवायला जातो, व्होल्टेज खाली बसतं, पुन्हा अर्धवट जागा. या हेलकाव्यांत कंट्रोलर कुठेतरी अडकतो आणि पुढे वीज मिळूनही उठत नाही. त्यामुळे मी सेल आणि बोर्डच्या मध्ये व्होल्टेज पाहून तोडणारं सर्किट घालतो: ३.१ च्या खाली गेलं की पूर्ण बंद, ३.५ च्या वर गेल्याशिवाय चालू नाही. या दोन आकड्यांमधलं अंतर महत्त्वाचं. "सेलमध्ये प्रोटेक्शन आहे ना" म्हणून हे टाळणारे नंतर भर पावसात टाकीवर चढतात. चढू देत.

पॅनेलच्या कलाबद्दलही सांगून टाकतो. दक्षिणेकडे तोंड ठीक, पण ४५ अंशांत उभं करू नका. पुण्यात मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात दुपारी तो उत्तरेकडे असतो. नेमक्या अडचणीच्या दिवसांत उभं पॅनेल त्याच्याकडे पाठ करून बसतं. मी १५ अंशांच्या आसपास ठेवतो, धूळ आणि पाणी ओघळायला तेवढा उतार पुरतो.

पेटी पॅक करण्याचं वेड

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे सिलिकॉनचा गिलावा. पेटी आयपी६५ ची, म्हणजे धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्याला दाद न देणारी, तरी झाकणाभोवती, ग्लँडभोवती (केबल आत घेणारं घट्ट बूच), स्क्रूंवर, सगळीकडे सिलिकॉन. वर "एक थेंब जाणार नाही" ही खात्री. थेंब जातच नाही, हवा जाते. दुपारी पेटी तापते, हवा बाहेर पडते. एकदम सर आली की पेटी गार होते आणि दमट हवा आत ओढते. आत तिचं पाणी होतं आणि बाहेर पडायला तुम्ही वाट ठेवलेली नाही. अशा पेट्या उघडल्यावर तळाशी चमचाभर पाणी, कनेक्टरच्या पिनेवर हिरवी बुरशी आल्यासारखा थर. एका पेटीत तर ग्लँड न लावलेल्या भोकातून गेलेल्या पालीची दोन अंडी सेलला चिकटलेली.

तो हिरवा थर कधीकधी सिलिकॉनचीच देणगी असतो. लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ना, ते सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि तांबं खातं. पेटीत नको. लागलंच तर न्यूट्रल क्युअरचं मागून घ्या.

माझी पद्धत: सगळी भोकं तळाला, वर किंवा बाजूला एकही नाही. तळाला तीन मिलिमीटरचं एक भोक मुद्दाम उघडं, त्यावर आतून बारीक जाळी, मुंग्यांसाठी. केबल आत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर आणायची. अँटेनाच्या जोडावर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून, वरून साधी काळी टेप. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, हे सगळं एका फेरीत मिळतं. पेटी पॅनेलच्या मागे, सावलीत, मध्ये बोटभर फट ठेवून लावा. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये आणि उन्हातली बंद पेटी एप्रिलमध्ये ते सहज ओलांडते.

बाकीच्या, पटापट

अँटेना लावल्याशिवाय वीज देऊ नका. ९१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झचा अँटेना "बसतो तर आहे" म्हणून लावू नका. ८६८ लिहिलेला चालतो.

बोर्ड खोलीत आणि अँटेना गच्चीवर, मध्ये दहा मीटर आरजी५८ केबल? या फ्रिक्वेन्सीला निम्म्याहून जास्त शक्ती वाटेतच जाते. बोर्ड वर न्या.

९९०० मिलिअँपिअर-तास छापलेला १८६५० म्हणजे थाप. साधारण ३५०० च्या पुढचा आकडा दिसला की दुकान बदला.

टीपी४०५६ चिपचा चार्जर ४.२ व्होल्टपर्यंत नेतो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल ३.६५ ला भरतो. ही जोडी जमवू नका, कितीही स्वस्त पडली तरी.

कोथरूडमधल्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत नोड ठेवून सेटिंगमध्ये त्याला 'राउटर' करणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. साधा नोड, म्हणजे 'क्लायंट', आधी ऐकतो, दुसऱ्या कुणी निरोप पुढे पाठवला असेल तर गप्प बसतो. राउटर मात्र पाठवतोच, तेही आधी घुसून. मग उंचावरच्या चांगल्या नोडपर्यंत पोचण्याआधीच निरोपाच्या उड्या संपतात. मुळात ठरलेल्या तीनच असतात. यावर "उड्या सात करा" हा उपाय सांगणारेही भेटतात. त्यानं नुसता गोंगाट वाढतो.

आणि जागा. वेताळ टेकडी उंच आहे, सिंहगड त्याहून उंच आहे, म्हणून तिथे झाडाला पेटी बांधून यायचं नसतं. एक जमीन वन खात्याची, दुसरा संरक्षित किल्ला. परवानगी असलेली गच्ची शोधा, पावसाळ्यातही शिडी लावता येईल अशी. पेटीवर तुमचं नाव, फोन नंबर आणि 'रेडिओ रिपीटर' एवढं मराठीत लिहा. बेवारस पेटी, बाहेर वायर, आत लुकलुकणारा दिवा: कुणीही पोलिसांना कळवेल, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.