स्वस्त विमानप्रवासात केबिन बॅग गेटवर अडते ती कशामुळे? या चुका टाळा

घरी रिकामी बॅग टेपने मोजली, माप बरोबर निघालं आणि मी निर्धास्त झालो. गेटवर बॅग मापाच्या लोखंडी सांगाड्यात ठेवायला सांगितली, तेव्हा ती अर्ध्यापर्यंत सहज उतरली आणि तिथेच अडकली. पुढच्या कप्प्यात चार्जर आणि गुंडाळलेला स्वेटर होता. तेवढ्यानेच बॅगेचं पोट तीन-चार सेंटिमीटर फुगलं होतं. स्वेटर अंगात घातला, चार्जर खिशात टाकला, तेव्हा कुठे बॅग तळाला टेकली. कर्मचाऱ्याने तेवढा वेळ दिला म्हणून वाचलो. सगळीकडे देतातच असं नाही.

म्हणून बॅग मोजायची ती पूर्ण भरून, सगळ्या चेन लावून, चाकं आणि हँडलही मापात धरून. बॅगेच्या लेबलवरचं माप बरेचदा चाकं सोडून दिलेलं असतं.

त्याच लेबलवरच्या ‘केबिन साइज’ या शब्दांवरही विसंबू नका. जगभर चालेल असं एकच माप नाही. युरोपातल्या रायनएअर या स्वस्त विमान कंपनीच्या साध्या तिकिटावर ४० × ३० × २० सेंटिमीटरची, सीटखाली मावेल एवढीच बॅग मोफत नेता येते. तिथल्याच इझीजेट कंपनीची मोफत बॅग ४५ × ३६ × २० सेंटिमीटरची. इंडिगोत ५५ × ३५ × २५ सेंटिमीटरची बॅग चालते, पण वजन ७ किलोच्या आत हवं. म्हणजे इंडिगोत चाललेली बॅग रायनएअरच्या साध्या तिकिटावर चालणार नाही. एकाच प्रवासात दोन कंपन्यांची विमानं असतील, तर दोघींपैकी ज्या कंपनीचं माप लहान त्यावर बॅग भरा.

‘मागच्या वेळी कुणी काही म्हटलं नाही’ हा तर अगदीच कच्चा आधार. रायनएअरने २०१८च्या नोव्हेंबरपासून १० किलोची मोठी बॅग साध्या तिकिटातून काढून टाकली आणि ती केबिनमध्ये नेण्यासाठी ‘प्रायोरिटी’ ही जादा पैशांची सोय घ्यावी लागू लागली. नियम असे बदलत राहतात. तिकीट काढताना एकदा आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा, कंपनीच्या साइटवर स्वतःच्या तिकिटाचा प्रकार निवडून नियम वाचा. मोठी बॅग लागणारच असेल, तर ती तिकिटासोबतच घ्या. तीच बॅग गेटवर कितीतरी महाग पडते, आणि तिथे वाद घालून रक्कम कमी झालेली मी पाहिलेली नाही.

वजनाचं गणित वेगळं. चाकांची कडक बॅग रिकामीच अडीच-तीन किलो भरते, मग ७ किलोत सामानाला उरतं किती? एअरएशिया या मलेशियाच्या विमान कंपनीत तर बॅग आणि सोबतची लहान पिशवी मिळून ७ किलो धरतात. घरच्या वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहा, मग बॅग हातात घेऊन. दोन आकड्यांतला फरक म्हणजे बॅगेचं वजन. जास्त भरलं तर जड बूट आणि जॅकेट अंगावर घालून निघा. त्यात कमीपणा काही नाही.

आता बोर्डिंग. तिकिटावरची वेळ विमान सुटायची असते, गेट त्याच्या बरंच आधी बंद होतं: इझीजेटचं ३० मिनिटं आधी, रायनएअरचं २० मिनिटं आधी. ऑनलाइन चेक-इन घरूनच उरका. विमानतळावर त्यासाठी काही कंपन्या वेगळं शुल्क घेतात. व्हिसा लागणाऱ्या प्रवाशांची एक चूक मात्र फार महागात पडते. बोर्डिंग पास फोनवर आला म्हणून ते थेट सुरक्षा तपासणीच्या रांगेत लागतात. काही कंपन्यांना पासपोर्ट आणि व्हिसा आधी काउंटरवर दाखवावे लागतात. ते राहून गेलं तर गेटवरून परत पाठवू शकतात. बोर्डिंग पासवरच्या बारीक सूचना म्हणूनच शेवटपर्यंत वाचा.

सगळं मापात असूनही बॅग हातातून जाऊ शकते. विमान भरलेलं असलं की वरचे कप्पे लवकर संपतात आणि रांगेत मागे असलेल्यांच्या बॅगा खाली सामानाच्या कक्षात टाकतात. अशा वेळी घाईत पॉवर बँक आतच राहते, आणि ते धोक्याचं आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या (पॉवर बँकही त्यांतच मोडते) खालच्या कक्षात न्यायला बंदी आहे, कारण तिथे पेट घेतला तर लगेच हात पोहोचत नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची (वॉट-तास म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचं माप) पॉवर बँक सहसा केबिनमध्ये चालते. २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची असते.

पॉवर बँक, औषधं, पासपोर्ट आणि चष्मा एका छोट्या पाउचमध्ये घालून तो बॅगेत अगदी वर ठेवा. बॅग मागितली की पाउच उचलायचा, चेन लावायची आणि बॅग द्यायची. पावतीचा तुकडा मात्र लगेच त्याच पाउचमध्ये टाका.